हाताचे माप

स्वेर्दलोव्स्क,
२८ फेब्रुवारी १९४३

माननीय सार्जंट येफीम दानिलोविच यांस,

आपण सुखरूप असाल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. महाविद्यालयात भूमितीचे तास नियमित होतात. स्तालिनग्राड जिंकल्यापासून जर्मन मागे हटत असल्याच्या बातम्या चौकातील ध्वनिक्षेपकावरून रोज येतात. लोक एकमेकांना मिठ्या मारतात. मी टोपी काढून उभा राहतो.

माझी पत्नी, परिचारिका लिदिया सेर्गेयेव्ना, हिच्या वस्तू आपण पाठवल्यात, याबद्दल आभारी आहे. शाल, कंगवा, आणि बंदुकीचा चाप ओढण्यासाठी तर्जनी वेगळी ठेवलेला उजव्या हाताचा लोकरी मोजा. डावा अर्धवट, सुयांवरच. तो जोड आपल्यासाठी होता, हे जाणूनही आपण ठेवून घेतला नाहीत. सोबत वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर पेन्सिलीने रेखलेला एक मोठा पंजा.

त्यावर मी माझा हात ठेवून पाहिला. भोवताली बरीच जागा उरली.

अकरा वर्षांच्या संसारात तिने माझ्यासाठी काहीही विणले नाही. "तुम्हाला लोकर कशाला? प्रमेयं पांघरून बसता की!" असे म्हणून हसत असे.

शेजारच्या ग्लाफिरा काकूंना तो कागद दाखवला.

"अहो वेनियामिन अर्कादिएविच, आघाडीवरच्यांसाठी सगळ्याच बाया विणतात. माप नको घ्यायला?"

"माप पट्टीनेही घेता येते."

"आणि बोटं कशानं मोजायची, तुमच्या कंपासानं? मेलेल्या बायकोवर रुसलेला पुरुष पहिल्यांदाच बघते बाई!"

पाचही बोटांभोवती पेन्सिल फिरवायला दीड मिनिट लागते. मी करून पाहिले. तेवढा वेळ आपला हात तिच्या हाताखाली होता. तेव्हा आपण आणि ती काय बोलत होतात, हे विचारावेसे वाटते. उत्तर नको आहे.

तिच्या शेवटच्या पत्रात आपला उल्लेख होता. 'येफीमचे पंजे अस्वलासारखे आहेत, एकही मोजा चढत नाही.' वडिलांचे नाव न लावता, नुसते येफीम. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. कामाचा व्याप आहे, असे स्वतःला सांगितले. पुढे बावीस दिवसांनी गोठलेल्या नदीवरून जखमींना नेताना ती गेली.

टपाल आले की ती सर्वांआधी धावायची, असे वस्तूंसोबतच्या पत्रात आपण लिहिले आहे. ते वाक्य आपण लिहिले नसते तर बरे झाले असते.

डावा मोजा मी पूर्ण केला आहे. काकूंनी टाके शिकवले. चार वेळा उसवला. शेवटच्या ओबडधोबड ओळी माझ्या आहेत. जोड पाठवत आहे; जर्मनांच्या मागून आपल्याला अजून बरेच दूर जायचे आहे.

कागद मात्र परत करणार नाही. हात आपला असला, तरी रेषा तिची आहे.

उत्तर लिहायला उशीर झालेला,
वेनियामिन