ताऱ्याची कोरी बाजू

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, पण शेजारच्या शिंपीकाकांचं आलं. तुझे हात थरथरतात, चाकावर भांडं उभं राहत नाही, असं लिहिलंय त्यांनी. मला का कळवलं नाहीस? आईबाबांच्या मागे मला वाढवलंस ते असं परकं करायला? वेधशाळेतली नोकरी सोडून कायमची तुझ्याकडे यायचं म्हणते.

माझ्या ताऱ्याचं विचारत असतेस. तो तुझ्याच धंद्यातला निघाला. अंगावर तुझ्या झिलईतलंच क्रोमियम, सिलिकॉन, स्ट्रॉन्शियम डागाडागांनी साचलंय आणि त्याच्या चुंबकशक्तीने ते जागच्या जागी धरून ठेवलंय. तो फिरतो, डाग समोर येतात, तसा उजेड कमीजास्त होतो. मात्र स्वारी भलती संथ. दुपारी त्याच्या प्रकाशाच्या पट्ट्या वाचत बसले की डोळे मिटतात आणि तुझ्या भट्टीची ऊब अंगाला लागते.

खरं काय ते लिही.
तुझी,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शिंप्याला सुई सोडून सगळीकडे नाक खुपसायची हौस. हात थोडे हलतात, एवढंच. नोकरी सोडायचं डोक्यातून काढून टाक.

तुझ्या ताऱ्याचं एक भांडं केलंय. वाकडं झालंय, पण क्रोमियमचा हिरवा तर माझ्या घरचाच. अर्ध्या बाजूला झिलई दिली, अर्धी कोरी ठेवली, कारण ती तूच अजून पाहिली नाहीस. माझी अट ऐक. तारा वळला, ती बाजू दिसली, की ये आणि आपल्या हाताने रंगव. तोवर तिथून हलायचं नाही. सकाळच्या उन्हात तो हिरवा तळ्यातल्या पाण्यासारखा हलतो आणि मी कामं टाकून बघत बसते.

वेळेवर जेवत जा.
आत्या

१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

संथ म्हटलं ते तू चार-सहा महिन्यांचं धरलंस वाटतं. अगं, त्याच्या एका फेरीला माणसाचा जन्म पुरत नाही. माझ्या आधीच्या बाईंनीही हीच बाजू पाहिली. पलीकडची मला दिसणार नाही, तुलाही नाही. माझ्या खुर्चीत पुढे जी कुणी बसेल तिला दिसेल. ताऱ्याकडे बघणारं कुणीतरी मिळेल, असं आमचे साहेब काल म्हणाले. तुझ्याकडे बघणारं कोण आहे, हे मी त्यांना विचारलं नाही.

तारा सोडताना जीव तुटतो, खोटं कशाला लिहू? पण तू तिथे एकटी, हे त्याहून सोसत नाही. नको म्हणालीस तर येणार नाही. फक्त ताऱ्याची सबब सांगू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माझी चूकबीक काही झाली नव्हती. मागच्या सुट्टीत तूच ते सांगितलं होतंस. मी माती मळत होते, तुला वाटलं माझं लक्ष नाही. तो आपल्या जन्मात वळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर ती अट घातली. माझ्यापायी तू आभाळ सोडावंस हे मला बघवलं नसतं.

सबब नको म्हणतेस, तर सांगते. काल वेणी घालायला घेतली, बोटांनी ऐकलं नाही. केस तसेच मोकळे टाकून दिवसभर दारात बसले होते.

ये.
तुझी आत्या