दिवा विझला तरी चालेल

नाही म्हणजे नाही, दादा. आपल्या घरातल्या लाकडी मूर्तीच्या चांदीच्या कवचासाठी मी एक छदाम पाठवणार नाही. फोनवर सांगून झालं, आता कागदावर सांगतो. तू म्हणालास, "मग तुझं काय ते एकदाचं लिहून तरी दे." घे, लिहून देतो.

मी, सुताराचा धाकटा मुलगा, वय सव्वीस, शाळा सातवीत सोडलेली, सध्या राहणार द्राक्षबागेतली मजुरांची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, घोटभरही प्यालेलो नाही. बिघाड आहे तो छातीत. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक लोक आपल्या पायांनी घरी जातात. त्या "बहुतेक"साठी हा कागद.

पहिलं, घर. मागच्या खोलीतला माझा हिस्सा आई आहे तोवर आईचा, नंतर दादाचा. तिथल्या पत्र्याचं भोक दादाने बुजवावं, कारण पाडलं त्याने होतं आणि मार मी खाल्ला होता.

दुसरं, बाबांची हत्यारं. रंधा, पटाश्या, करवती, सगळं वहिनीला. रागावू नकोस, पण आपल्या घरात सरळ रेघ तिलाच मारता येते. तू माझी सायकल मला न विचारता विकलीस, ती माफ. घंटी माफ नाही. ती मी माझ्या पैशांनी आणली होती.

माझी इथली गादी शेजारच्या खाटेवरच्या बोंबल्याला. हे मोठ्याने वाचलं तर तो लगेच त्यावर लोळून आला. म्हणतो, "मऊ आहे रे! आणि नाही मेलास तर?" नाही मेलो तर मिळणार नाही.

आता मूर्ती. दुसऱ्यांच्या देवाबद्दल मी बोलत नाही, तेवढी माझी अक्कल नाही. माझ्या हातच्या लाकडाबद्दल बोलतो. बाबा गेले त्या महिन्यात, त्यांनी आणून ठेवलेल्या फळीतून मी ती कोरली. उरलेल्या लाकडाची एक पाचर खाटेला मारली आणि एक छोटी मूर्ती स्वतःसाठी केली, ट्रंकेत घेऊन फिरायला. मोठीच्या कोपराशी गाठ आली तेव्हा मी शिवी हासडली होती, तिथे अजून खडबडीत लागतं, हात लावून बघा. आधी मी तिला घडवलं आणि मग मीच तिला घाबरायला लागलो.

तुम्ही म्हणायचात, याच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टिकत नाही. खरं कारण आज सांगतो. नोकरी धरू की सोडू हे मी त्या छोट्या मूर्तीला विचारायचो. टेबलावर उभी करून सोडून द्यायची. डावीकडे पडली की सामान बांधायचं. भट्टी सोडली, गोदाम सोडलं, बोटीवरचं काम सोडलं. गेल्या वर्षी ही बागही सोडणार होतो. पडली डावीकडे, मी ट्रंक ओढली. बोंबल्याने तिला उचलून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "अरे सुतारा, बूड तिरकं तासलंयस की हिचं! ही जन्मभर डावीकडेच पडणार."

खोलीभर हशा झाला. मीही हसलो. पण आतून पार रिता झालो. ज्याला मी देवाचा हुकूम समजून गावोगाव फिरलो, तो माझ्याच रंध्याचा चुकलेला हात होता. छाटलेली फांदी पाण्यात ठेवली तर तीही थोडे दिवस फुलते. फळ धरत नाही. मी तसाच, जिथे गेलो तिथे फुललो आणि कुठेच फळलो नाही.

विचारायला कोणी उरलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो. वेलींची छाटणी चालू होती. सगळ्या वेली वाळक्या, दोरखंडासारख्या, एक पान नाही. मी एक काडी कापली. कापल्या जागी पाणी आलं. थेंब फुगला, पडला, मागून दुसरा आला. मागे वळून पाहिलं तर आम्ही कापत आलो होतो तेवढ्या सगळ्या ओळी टपकत होत्या. ऊन नुकतं वर येत होतं, थेंबाथेंबात एकेक सूर्य. वारा नव्हता. खाली वाळल्या पानांवर फक्त टप, टप, टप.

मुकादम ओरडले, "ए, पुढे सरक! काय बघतोस?"

मी विचारलं, "मुकादम, हे पाणी वर कोण चढवतं?"

ते जवळ आले. काडीला बोट लावलं, ओलं बोट बघत राहिले. "मला नको विचारूस बाबा. मी आपला कापतो."

दादा, मी टोपी काढली. का ते ठाऊक नाही. माझ्या हातात कात्री होती आणि तिच्याने एक थेंबही वर चढला नसता. कोणी न मागता, कोणी दिवा न लावता, अंधाऱ्या मातीतून कोणीतरी त्या मेल्यासारख्या लाकडात जीव भरत होतं. मला भीती वाटली, पण ती पळून जावं अशी नव्हती. तिथेच उभं राहावं अशी होती. मी म्हणालो, देवा, मी तुला घडवलेलं नाही. तूच मला घडवलंस. मला तोडू नकोस, धरून ठेव.

मी राहिलो. मी छाटलेल्या वेलीचे घड जन्मात पहिल्यांदा पाहिले. आणि तेवढंच नाही. बोंबल्या माझ्या टॉवेलने पाय पुसतो, तरी वर्षभरात मी त्याच्यावर हात उचललेला नाही. मला ओळखतोस ना? हे माझं पीक नव्हे. हे मुळातून आलं.

म्हणून शेवटचं आणि खरं कलम. मोठी मूर्ती फेकू नका, जाळू नका, ते माझ्या हातचं पहिलं काम आहे. बाबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा. छोटी मी इथे ट्रंकेच्या तळाशी ठेवली आहे. तिला कोणी काही विचारत नाही.

आई, तू मोठ्या मूर्तीपुढचा दिवा विझू नये म्हणून घराबाहेर रात्र काढत नाहीस. ताईचं बाळ चालायला लागलं, तू अजून पाहिलं नाहीस. परवा म्हणालीस, "मी इथून उठले आणि तुला काही झालं तर? मी कोणाला तोंड दाखवू?" मला ऑपरेशनची भीती तेवढी नाही, या वाक्याची आहे. मी गेलो तर दिवा कमी पडला असं घरात कोणी म्हणायचं नाही. जगलो तर दिव्याने वाचवलं असंही नाही. ज्याने वेलीत पाणी चढवलं त्याच्या हातात मी आहे. तो तुझ्या तेलावर जगत नाही, आई, तू त्याच्यावर जगतेस. तू ऊठ. मला भूल द्यायच्या आधी इथे ये. वेली यंदाही टपकू लागल्यात, मला तुला त्या ओळींमध्ये उभी करायची आहे.

हे वाचून, समजून, माझ्या मर्जीने सही केली.

साक्षीदार: मुकादम (सही). बोंबल्या (सही, पेन परत दिलेलं नाही).
ठिकाण: मजुरांची खोली, नळाजवळची.
तारीख: छाटणीचा पहिला रविवार.

ता.क. दादा, कवचासाठी मी साठवलेले होते तेच पाठवतोय. आईचं येण्याचं भाडं आणि परत जाण्याचंही, उरतील ते ताईच्या बाळाला. अक्षरी बावीस हजार चारशे फक्त.