महोदय, आपला अभिप्राय मिळाला

३ मार्च
लेक टीव्हीवर हवामान सांगायला लागून आठवडा झाला. पाऊस बरोबर सांगितला, पण लोकांना तिचा रंग चुकलेला दिसला! "काळे ढग स्टुडिओत शिरले" म्हणे. शिवाय "आपल्या देशात परत जा." अहो, ती इथलीच — स्टेशनामागच्या दवाखान्यात जन्मली. फॉर्म मीच भरला होता.

४ मार्च
बसकंपनीच्या तक्रार विभागात तीस वर्षं काढली. एकही पत्र उत्तराविना ठेवलं नाही. हे शेरेही ठेवणार नाही.

६ मार्च
चार ॲप उघडून बसलो. काय एकेकाचे संस्कार! जिथे खोटं नाव चालतं तिथे सरळ माकड म्हणतात. फोटोंच्या ॲपवर लिहायचेही कष्ट नाहीत, नुसतं केळ्याचं चित्र. नोकरीवाल्या ॲपवर खरं नाव, हुद्दा, कोट-टाय — म्हणून "प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा बरा वाटतो." किती ती सभ्यता! आमच्या इमारतीच्या ग्रुपवर मात्र चिडीचूप. तिथे उद्या जिन्यात भेटायचं असतं ना.

खोट्या नावांचा कचरा सर्वांत जास्त. सुरुवात तिथूनच करतो.

९ मार्च
त्या ॲपकडे तक्रार केली. दोन मिनिटांत उत्तर: "नियमभंग आढळला नाही." एवढी तत्परता माझ्यात असती तर साहेब होऊन निवृत्त झालो असतो.

१३ मार्च
आजवर दोनशे बारा उत्तरं. सगळी सभ्य भाषेत — "महोदय, आपला अभिप्राय मिळाला. जन्मदाखल्याची प्रत सोबत जोडली आहे." बायको म्हणते, "डोळे घालवून बसाल." पण गंमत बघा, फोटोवाले आणि कोटवाले थंडावले, खोट्या नावांच्या ॲपवर मात्र रोज वाढतंय! इथली माणसंच जास्त नालायक, दुसरं काय.

१७ मार्च
लेकीला चॅनेलच्या साहेबांनी बोलावलं. "हे शांत होईपर्यंत कॅमेऱ्यासमोर नको." ती जेवली नाही. मी नळ सोडून न्हाणीघरात रडलो.

१८ मार्च
भाची कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिला माझी उत्तरं दाखवली. तिने कपाळावर हात मारला. "मामा, ज्याला उत्तर मिळतं, तेच हे ॲप आणखी लोकांना दाखवतं! दुसरीकडे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून तिथलं विरलं."

म्हणजे शिव्या त्यांच्या आणि त्या घरोघर पोचवणारा मी. वा रे बाप!

१९ मार्च
लेकीला सगळं सांगितलं. मान वर करवेना.

"माहीत होतं बाबा. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"माझ्या बाजूने लिहिणारे तुम्ही एकटेच होतात."