आशावहिनींची शोकेस आणि चाळीस सेकंद

अमरावती
मंगळवार

तीर्थरूप दादास धाकट्या गजेंद्रचा नमस्कार. सातवीत गुरुजींनी शिकवलं त्याप्रमाणे इथे ‘शिरसाष्टांग’ लिहायला पाहिजे, पण दहा दिवसांपासून माझी कंबर धरली आहे आणि देवापुढेही मी उभ्यानेच हात जोडतो आहे. देवाला जे घालता येत नाही ते तुम्हाला घातलं असं कागदावर लिहिणं बरं नाही. कंबर सुटली की दोघांचंही राहिलेलं पुरं करीन. मायचा गुडघा कसा आहे? तेल रोज लावते की बाटली नुसती उशाशी ठेवते? तुमच्या बीपीच्या गोळ्या, वहिनींची तब्येत, प्रणाली, हरभरा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आम्हीही इकडे ठीक आहोत. (कंबर सोडून.)

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना गजाला पत्र कुठून सुचलं. कारण तुमचा फोन वहिनी स्पीकरवर ठेवतात, आणि मला जे सांगायचं आहे ते आधी तुम्ही एकट्याने, शेताच्या धुऱ्यावर बसून वाचावं अशी इच्छा आहे. पत्र साजिदभाईंच्या हाती देतो आहे. ते आमच्या कॉलेजात वेल्डिंगचं काम पाहतात, सासुरवाडी आपल्या पातूरची, उद्या तिकडेच चालले आहेत. त्यांना चहा पाजा. पण वहिनींसमोर शोकेसबद्दल काही विचारू नका, कारण ते खोटं बोलत नाहीत.

तर शोकेसबद्दल. मागच्या महिन्यात मी वहिनींची शोकेस टेम्पोत घालून आणली ती ‘कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायची आहे’ असं सांगून. ते अगदीच खोटं नव्हतं, पाहायला चाळीस माणसं आली होती. फक्त ती लोकांसमोर ठेवायची नव्हती, हलवायची होती. मी ज्या प्रयोगशाळेत झाडण्यापासून सिमेंट कालवण्यापर्यंत सगळं करतो, तिथे खोलीएवढा एक लोखंडी पाट आहे. कुठल्या तरी देशात होऊन गेलेल्या भूकंपाची नोंद यंत्रात घातली की पाट तस्साच हलतो. त्यावर विटांची खोली बांधायची आणि हलवून पाहायची. पुण्याहून आलेल्या दामिनी मॅडम यावर पीएचडी करत आहेत. पण त्यांना भिंतींचं विशेष नाही. त्या म्हणतात, घराचा सांगाडा कसा टिकवायचा ते माणसाला बऱ्यापैकी कळलं आहे. खांब उभे राहतात, तुळया उभ्या राहतात, आणि त्या उभ्या घरात माणूस मरतो तो अंगावर कपाट पडून, पंखा पडून, टाकी पडून. म्हणजे घर बांधताना जे कोणी हिशेबात धरत नाही आणि राहायला आल्यावर आपण हौसेने आणतो, ते सगळं. मॅडमना वऱ्हाडातल्या साध्या घराची बैठक हवी होती, वापरलेल्या सामानाची, भरलेल्या शोकेससकट. मी बाजूला खिळे वेचत होतो, आणि कोणी विचारलं नसताना बोलून गेलो, ‘आमच्या वहिनींकडे आहे.’ (मी चातुर्मासात जेवताना मौन धरतो. ते कामाच्या वेळी धरायला हवं होतं.)

देताना वहिनी दारात उभ्या राहून काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंच आहे. ‘भाऊजी, माह्या माहेरची हाये हे. अकोटच्या मिस्त्रीनं हातानं केली. याच्यातला एक कप जरी फुटला ना, तं मले तोंड दाखवू नका.’ निळ्या काठाचे ते सहा कप, ज्यातून सत्तावीस वर्षांत कोणी चहा प्यालेलं नाही, पितळी मोर, प्लास्टिकची द्राक्षं, प्रणालीची धावण्याची ढाल, आणि मधल्या कप्प्यात आबांचा फोटो. आता येत्या रविवारी प्रणालीला पाहायला मूर्तिजापूरचे पाहुणे येणार आणि त्यांना त्याच कपांत चहा द्यायचा, हे वहिनींनी मला फोन करून तीनदा सांगितलं आहे. म्हणजे शनिवारी शोकेस जागेवर पाहिजे, काचेसकट, कपांसकट.

खोली बांधायला गवंडी आले. त्यांनी सवयीप्रमाणे पहिल्या विटेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पुढचं कोणी न सांगता झालं. पाटावर चढताना सगळे चपला खाली काढू लागले. भिंतीवर ‘सुरक्षेचे बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी आहे, आणि त्या पाटीखाली रोज अकरा-बारा जोड चपला. मॅडम आधी हसल्या. आठवड्याने त्यांचेही सँडल तिथे दिसले. आत काय मांडायचं ते मॅडमनी मला विचारलं, आणि मी मला माहीत असलेली एकच बैठक मांडली, आपली. लोखंडी कपाट, पंखा, शोकेस, भिंतीला खाट, खाटेच्या वर सामान ठेवायला भिंतीतून काढलेला सज्जा, सज्ज्यावर लोखंडी पेटी. वरून मॅडमचं फॉल सिलिंग. (ते आपल्याकडे नाही, पण प्रणालीला हवं आहे असं ऐकतो.) खाटेवर पंचावन्न किलो वाळूचं पोतं झोपवलं. मॅडमच्या वहीत त्याचं नाव ‘व्यक्ती’. थंडीचे दिवस, म्हणून मी त्याच्यावर चादर घातली. का घातली ते सांगता येणार नाही.

दादा, आता माझा गुन्हा. हलवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी शोकेसपुढे उभा होतो. आतून आबा पाहत होते, आणि मला वहिनींचा आवाज ऐकू येत होता. मॅडमनी बजावलं होतं की घरी असतं तसंच ठेवायचं, कशालाही हात लावायचा नाही. मी कपाटाला हात लावला नाही, पंख्याला लावला नाही. शोकेसच्या पाठीमागे मात्र दोन लोखंडी पट्ट्या भिंतीत आवळल्या, कपांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले आणि सरकत्या काचेला लाकडाची पाचर ठोकली. कंबर गेली ती त्याच वेळी, शोकेस एकट्याने पुढे ओढताना. साजिदभाईंनी पट्ट्यांना भोकं पाडून दिली. वर विचारलं, ‘गजूभाऊ, इतना डर लगता तो लाये कायकू?’ मी पुढचा स्क्रू आवळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं, कॅमेरे, बाहेरगावचे दोन साहेब. चाळीस सेकंद पाट हलला. पहिल्या दहात पंखा झोके घेऊ लागला, मग सिलिंगचे चौकोन पत्त्यांसारखे गळाले. कपाट आधी दोन फूट चालत आलं (खोटं नाही, एक पाय, मग दुसरा पाय) आणि तोंडावर पडलं. सज्ज्यावरची पेटी सरकत सरकत कडेला आली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि थेट पोत्यावर आली. पोतं फुटलं. चादरीखालून वाळू बराच वेळ गळत होती. भिंतीला केसाएवढी चीर नाही. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात वहिनींची शोकेस जशीच्या तशी उभी, सहाच्या सहा कप, मोर, द्राक्षं, आबा.

माणसं पाहतच राहिली. आमचे विभागप्रमुख आबांच्या फोटोला हात जोडून म्हणाले, ‘गजेंद्र, वडिलांची पुण्याई!’ मागून कोणी तरी ‘देवाची कृपा’ म्हणालं. मी गप्प राहिलो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण दोन पट्ट्यांचं काम देवाच्या नावावर खपवायचं म्हणजे फारच झालं, आणि आबांनी तर जन्मात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेतलं नाही. मी चाळीस माणसांसमोर म्हणालो, ‘साहेब, मी बांधली होती.’

मॅडम ग्लासभर पाणी प्यायल्या. मला वाटलं आता रडतील, कारण आठ महिन्यांची मेहनत होती. पण त्या टेप घेऊन शोकेसच्या मागे गेल्या आणि तिथूनच विचारू लागल्या. स्क्रू किती इंची, ट्यूब किती जाड, पाचर कशाची. सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाल्या, ‘काका, तुम्ही माझा प्रयोग बिघडवला आहे. पण बांधलेल्या शोकेसचं काय होतं ते मला फुकटात मिळालं. आता हीच शोकेस, हेच कप, हाच भूकंप, फक्त न बांधता. म्हणजे फरक दाखवता येईल. गुरुवारी करू.’ मी म्हणालो, ‘मॅडम, पडेल ती.’ त्या म्हणाल्या, ‘हो ना, पडायलाच हवी.’ म्हणजे दादा, मी वाचवली नसती तर एकदाच काय व्हायचं ते झालं असतं. वाचवली म्हणून आता ती शास्त्राकरता पडणार. मी तेव्हापासून यावर विचार करतो आहे आणि अजून कुठे पोहोचलो नाही.

मालकाच्या परवानगीशिवाय मॅडम हलवणार नाहीत, असा त्यांचा नियम आहे. मालक म्हणजे वहिनी. तेव्हा त्यांचा चेहरा पाहून, जेवण झाल्यावर, तुम्ही हा विषय काढावा आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत मला काय ते कळवावं. नाही म्हणाल्या तर शोकेस शनिवारी पोहोचती करतो आणि मॅडमना दुसरीकडे पाहायला सांगतो. मायला नमस्कार, वहिनींना नमस्कार (हे पत्र दाखवणार नसाल तर तोंडी), प्रणालीला आशीर्वाद. रविवारी तिला चहा घेऊन येताना पायाखाली पाहायला सांगा, पाहुण्यांकडे नाही.

तुमचा,
गजेंद्र

ता. क. दादा, वरचे तीन कागद शोकेसचे झाले, पण पत्र पेटीसाठी आहे. मायच्या खाटेवरच्या सज्ज्यावर आबांची पेटी आहे. आत आबांच्या पोथ्या आणि नांगराचे दोन फाळ. आबा गेले त्या वर्षी आपण चौघांनी ती वर चढवली. दिवाळीत मी बोललो तेव्हा तुम्ही हसलात, ‘बारा वर्षं झाले, हालली का ते? आताच कावून पडन?’ आपल्याकडे कुठे होतात भूकंप, हे मीही तीस वर्षं म्हणत आलो. पण मेळघाटाकडे मधूनमधून जमीन गुरगुरल्याचं पेपरात येतं, आणि मी ती वाळू गळताना पाहिली आहे. चादर मी माझ्या हाताने घातली होती. पेटी खाली घ्या. माय कुरकुर करेल, करू द्या. शोकेसला नाही म्हणा, मला चालेल. याला नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं होतं तेवढ्यात कळलं की मॅडमनी परवानगीसाठी परस्पर वहिनींना फोन केला. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, ‘हालवा किती हालवाचं ते. शनवारी शोकेस अन् नवी काच मात्र घरी पायजे.’ नंतर मला फोन करून म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या हाती मी माह्या माहेरचे कप देईन असं वाटलं का तुमाले?’ मी जिवापाड जपले ते सहा कप पातूरच्या बाजारातले आहेत. खरे कप त्यांनी मी येण्याच्या आदल्या दिवशी शिडी लावून घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवले आहेत, आबांच्या पेटीत, फाळांच्या मधोमध. कापडात गुंडाळून वरून आत सोडले ते घसरून तळाशी गेले, आणि शिडीवर उभं राहून त्यांचा हात आता तिथवर पुरत नाही. तेव्हा रविवारच्या चहासाठी तुम्हाला ती पेटी शनिवारपर्यंत उतरवावीच लागेल, आणि या कामाला आता तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत आहे. चौघांना बोलवा, हळू उतरवा, आधी मायला खाटेवरून उठवा. कप काढून झाले की पेटी जमिनीवरच राहू द्या. परत चढवायला माझी कंबर नाही.