सातशे पावलांवरचा ठिपका

ट्यूनिस, ता. ९ ऑगस्ट

ती. तिजानीमामांस दोरसाफचा सा. सलाम. वि. वि.

फोनवर बोललेलं पुराव्यात धरत नाहीत म्हणून तुम्ही फोन उचलत नाही, हे आईला समजावून सांगितलं. तिला पटलं नाही.

शहरात मधमाश्यांचं पोट कसं भरतं, हे शोधायला मी तुमच्या कैरवानमध्ये तीन मधपेट्या ठेवल्या आहेत. शाळेच्या गच्चीवरच्या पेटीला काच आहे. फुलं सापडलेली माशी परत येऊन नाचते; नाचाच्या कलावरून दिशा कळते, आणि किती वेळ थरथरते त्यावरून अंतर. तिथले मास्तर चित्रण पाठवतात, मी इथे मोजते. आई म्हणते, तिशी उलटली तरी पोरगी माश्यांची ढुंगणं मोजत बसलीय.

यंदा बागेला नळाचं पाणी घालायला बंदी, सगळं वाळलंय. दोन पेट्या रोडावल्या, शाळेची मात्र जड होतेय. तीन आठवडे तिथल्या माश्या एकच जागा सांगताहेत: शाळेच्या आग्नेयेला सातशे पावलं. म्हणजे तुमची गल्ली. पाणी खात्यात तुम्ही तीस वर्षं तपासनीस होतात. कुणाचं अंगण ओलं आहे ते तुम्हांला वासावरून कळतं. तेवढं बघून कळवाल? सप्टेंबरअखेर नकाशा द्यायचा आहे आणि त्यावर माझी नोकरी पक्की व्हायची आहे. त्या माणसाला पकडू मात्र नका.

लोभ वाढवा म्हणण्यात अर्थ नाही, आहे तेवढा सांभाळा.

आपली,
दोरसाफ

कैरवान, ता. १७ ऑगस्ट

चि. दोरसाफ हीस अ. आ.

गल्लीची पाहणी केली, दोनदा केली. फूल नाही. शेजारच्या हमादीने गाडी धुतली, त्याची तक्रार मी दिलीच आहे; गेल्या ईदेपासून आमचं बोलणं बंद आहे.

तुझ्या माश्यांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. माशी काही सरकारी नोकर नव्हे, तिची नोंद वरिष्ठ तपासत नाहीत. मी भल्याभल्यांच्या शपथा खोट्या पाडल्या, तू नाचाचं काय घेऊन बसलीस? एका ठिपक्यावाचून नकाशाचं काही अडत नाही. गाळून टाक.

गुडघा दुखतो. तुझी मामी गेल्यापासून स्वयंपाक जमतो, चव जमत नाही. आईला सलाम सांग. माया आहे, ती अशी पत्रात लिहायची माझी पद्धत नाही.

तुझा मामा,
तिजानी

ट्यूनिस, ता. २८ ऑगस्ट

ती. मामांस सा. सलाम. वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून माश्यांची उलटतपासणी घेतली. तीनशे चाळीस नाच पुन्हा मोजले. जबानी बदलली नाही. मास्तरांनी पाठवलेला मध सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात सब्ज्याचे पराग निघाले. त्या जागेत पाच घरं बसतात. दोन घरांना कुलूप, एक टायरवाल्याचं, एक हमादीचं. त्याने अंगणभर फरशी घातली तेव्हा तुम्ही आम्हांला तीन पत्रं लिहिली होतीत. पाचवं घर तुमचं. मामीचा सब्ज्याचा वाफा अजून हिरवा आहे, हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही.

मामा, मी तपासनीस नाही. पण वाळलेल्या शहरात एका ओल्या वाफ्याने एक अख्खी पेटी जगवली, हाच तर माझा शोध आहे. ठिपका गाळला तर मी खोटी ठरते. ठेवला तर नकाशा नगरपालिकेत जाणार, आणि तिथे तुम्हांला ओळखत नाही असा माणूस नाही. तुमची मान खाली जावी हे मला सहन व्हायचं नाही. दोन दिवस जेवण गेलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं करते.

रागवा, पण उत्तर लिहा.

आपली,
दोरसाफ

कैरवान, ता. ६ सप्टेंबर

चि. दोरसाफ हीस अ. आ.

आधी जेव.

परवा जुन्या ऑफिसात गेलो आणि माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवा म्हटलं. कारकून मीच तयार केलेला. म्हणाला, साहेब, तक्रारदार आणि गुन्हेगार एकच असेल तर अर्ज घेता येत नाही, तुमचाच नियम. साक्षीदार कोण, विचारलं. मधमाश्या, म्हटलं. त्याने त्यांचे ओळखपत्र क्रमांक मागितले. पोरगा हुशार निघाला.

शेवटी हमादीकडे गेलो. त्याने तक्रारीवर आनंदाने सही केली, वर खजूर भरलेले गोड मकरूद खाऊ घातले. आता माझं नाव ऑफिसबाहेर, बंदी मोडणाऱ्यांच्या फलकावर आहे. अक्षर बरं काढलंय.

शेवटच्या आजारात तुझी मामी दुसरं काही विचारत नसे. सब्ज्याला पाणी घातलंत का, एवढंच. ती गेल्यावर ते थांबवायचं कसं, हे मला कळलं नाही. चाळिसावा दिवस झाला आणि घरात माणूस यायचं बंद झालं. ह्या माश्या मात्र रोज सकाळी येत. त्या तुझ्या आहेत हे ठाऊक नव्हतं. मी वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसायचो, त्यांच्याशी थोडंफार बोलायचोही. हे आईला सांगू नकोस.

नळी ऑफिसने नेली. हमादीची बायको भाज्या धुतलेलं पाणी देते, ते बादलीने घालतो. पुरत नाही, अर्धा वाफा गेला. माश्या कमी झाल्या तर तेही खरं खरं लिही.

पण ठिपका काढू नकोस. तो काढलास तर ह्या शहरात मी कुठेच उरत नाही.

तुझा मामा,
तिजानी