अकरा नंबरच्या छपरावरची भेग

२ मार्च

विमानं पुन्हा उडणार. रेडिओवर एक वाजताच्या बातम्यांत सांगितलं. मी बटाटे सोलत होते, सुरी तशीच हातात राहिली.

जानेवारीत एक समुद्रात पडलं, तेव्हापासून सगळी जेट विमानं जमिनीवर उभी होती. सात आठवडे. त्या सात आठवड्यांत जोसी घरात चिडचिडत होती, मोजे विणायला घेऊन अर्धवट टाकत होती — आणि मी मनात म्हणत होते, असंच चालू दे. आता म्हणे पुष्कळ ठिकाणी बदल केलेत. मग ते कशाने पडलं ते सापडलं का? तर नाही. जे जे बिघडलं असेल असं वाटलं ते ते बदललं, एवढंच. नीट ऐकलं तर बातमीत दुसरं काही नव्हतं.

जोसीने मला कंबरेला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. माझी लेक, तेवीस वर्षांची घोडी. विमानात लोकांना जेवण वाढते आणि स्वतःला राणी समजते.

३ मार्च

जोसीने गणवेश इस्त्रीला काढला. मला हात लावू देत नाही.

७ मार्च

रविवार. माझ्या नवऱ्याला, अर्नला जाऊन चौदा महिने झाले. फुलं ठेवून आले. वारा फार होता.

तो असताना रविवारचा पेपर आम्ही मधोमध वाटून घ्यायचो. पुढची पानं माझी, फुटबॉलची त्याची. आता मी दोन्ही वाचते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. का, ते विचारू नये.

११ मार्च

लायब्ररीतून धातूंवरचं पुस्तक आणलं. शाळा बाराव्या वर्षी सुटली, पण शब्दकोश शेजारी ठेवला की मला कुठलंही पुस्तक वाचता येतं, फक्त वेळ लागतो. त्यात एक प्रकरण आहे — धातू थकतो. एकदा जोर लावला तर काही होत नाही. तोच जोर हजारदा लावला, सोडला, लावला, सोडला, तर एका दिवशी कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघते. मग ती थांबत नाही.

अर्न असता तर म्हणाला असता, हे सांगायला पुस्तक कशाला हवं! तीस वर्षं गावच्या विमान कारखान्यात पत्राच ठोकला त्याने. एकदा त्याने मला याच टेबलावर बिस्किटांच्या डब्याचं झाकण घेऊन दाखवलं होतं: भोकं पाडताना पत्र्याला भेग गेली, की तिच्या टोकाला आणखी एक बारीक गोल भोक पाडायचं. भेग तिथे येऊन थांबते. कारखान्यात सगळे असंच करतात, म्हणाला. मग ते तपासनिसाला दाखवायचं, तो विमानाच्या नोंदीच्या पुस्तकात लिहून शिक्का मारतो.

१३ मार्च

अर्नची खिशातली वही आज पहिल्यांदा उघडली. इतके दिवस धीर झाला नव्हता. सगळी मापं, मापं आणि मापं. मध्येच 'हिल्डासाठी दोरा, निळा'. तिथे थोडा वेळ बसले.

मग हे पान. जसंच्या तसं उतरवते.

'अकरा नंबर. छपरावरची खिडकी, डावा मागचा कोपरा. भेग, अर्धा इंच. भोक पाडलं. लेन म्हणाला पुस्तकात नको, उद्या गवतावर जायचंय.'

गवतावर जायचं म्हणजे विमान कारखान्यातून कायमचं निघायचा दिवस. त्या दिवशी सगळा कारखाना बाहेर गवतावर उभा राहतो, टोप्या काढून. बायका-मुलंही जातात. पुस्तकात एक भेग लिहिली की पत्रा उतरवा, नवा बसवा, म्हणजे दोन आठवडे गेले. आपल्यामुळे गवतावरचा दिवस टळला हे कुणालाच नको असतं. अकरा नंबरचं विमान निघालं तेव्हा मीही गेले होते. अर्नने माझा हात धरला होता, आणि त्याचा हात ओला होता. मला वाटलं, अभिमानाने!

१४ मार्च

जोसीची फेरी दोन एप्रिलला. रोम, कैरो आणि पुढे. कुठलं विमान, ते मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आपलं अकरा नंबर," म्हणाली. चेहरा असा, जणू बाबा स्वतः चालवणार आहेत.

१६ मार्च

लेन हॉब्डेकडे गेले. तपासनीस तो, अर्नचा जन्माचा दोस्त, जोसीच्या बारशाला धर्मपिता म्हणून तोच उभा होता. वही पुढे ठेवली. चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मग हसायला लागला. लायब्ररीतली चार पुस्तकं वाचून तू आता आम्हाला विमानं शिकवणार का, म्हणाला. असं भोक नसलेलं एक तरी विमान दाखव, मी माझी टोपी खातो, म्हणाला. मी हसले नाही. तेव्हा आवाज खाली आला.

"हिल्डा, अर्नसारखा हात या गावात नव्हता. त्याचं नाव चौकशीच्या कागदावर यायला हवंय का तुला? जाळून टाक ती."

मी म्हटलं, जोसी जाणार आहे त्यातून. त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. त्याच्या बायकोने मला वाटीभर जॅम दिला. तो घेऊन घरी आले, मूर्खासारखी.

१९ मार्च

कारखान्याच्या ऑफिसात गेले. फाटकावर चिठ्ठी भरली, तासभर बाकावर बसले. साहेब तरुण, नखं स्वच्छ. चहा मागवला. वहीवर कारखान्याचा शिक्का आहे का, विचारलं. नाही. मग ही खाजगी वही झाली, बाई. दुःखात माणसाला कुठेही अर्थ दिसतो, असं फार सौम्यपणे म्हणाला. नोंद घेतो, म्हणाला. पेन्सिल मात्र उचलली नाही.

२० मार्च

सरकारी खात्याला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं.

२६ मार्च

उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले.' बस.

२७ मार्च

आज जोसीला सगळं सांगितलं. वही दाखवली. वाटलं, वडलांचं अक्षर पाहून तरी ऐकेल.

तिने पान वाचलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो!

"म्हणजे बाबांचा हात लागलाय तिथे," ती म्हणाली. "आई, अगं, भोक पाडलंय ना त्यांनी? मग थांबली ती भेग. बाबांनी थांबवलेली भेग पुढे जाईल का? मला त्या विमानात जेवढं निर्धास्त वाटतं तेवढं आपल्या गावच्या बसमध्ये वाटत नाही."

मी ओरडले. नको ते बोलले. तुझ्या बापाने घाई केली, चूक केली, असं म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. ती उठून वर गेली आणि दार लावून घेतलं.

मी असं बोलायला नको होतं. पण परत वेळ आली तर परत बोलेन.

३० मार्च

केलं.

देवी टोचल्याचा दाखला नसेल तर पूर्वेकडच्या फेरीवर कुणालाच जाऊ देत नाहीत. तिचा दाखला पिवळ्या पाकिटात, आरशाखालच्या खणात. ती केस धुवत होती. काढला आणि अर्नच्या रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. त्या कोटाला या घरात कुणी हात लावत नाही. कपाटाचं दार लावलं आणि खाली येऊन पाव कापायला घेतला. काप अगदी एकसारखे पडले. त्याचंच नवल वाटतंय.

१ एप्रिल

सकाळपासून घर उलटंपालटं. खण बाहेर, गादी खाली, कोळशाची बादलीसुद्धा पाहिली. मीही शोधत होते! गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घालत होते. जोसी म्हणाली, आई, तू दमशील, राहू दे. तेव्हा मात्र मला वर बघता येईना.

कोपऱ्यावरच्या फोनवरून तिने कळवलं. परत आली ती रडत. तिच्याऐवजी पॅम जाणार.

पॅम ओकेशॉट. जोसीची मैत्रीण. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे जेवली होती, तीनदा मागून खाल्लं आणि म्हणाली, मिसेस प्लमली, मला दत्तक घ्या. तिची रजा होती उद्यापासून, आईकडे जाणार होती. रजा रद्द.

दुपारी तीच आली. जोसीचे पांढरे हातमोजे घ्यायला, तिच्या एकावर डाग पडला होता. विमानतळाची बस बाहेर उभी होती म्हणून आत आली नाही. जोसी वर तोंड धुवत होती. दारात मी आणि ती.

तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं तर ती विचारणार, मग जोसीला का नाही थांबवलंत? थांबवलं म्हणजे कसं? मग दाखला बाहेर निघणार आणि जोसी तो घेऊन त्याच बसमध्ये चढणार. मला एवढंच सुचलं. एवढं मात्र फार झटपट सुचलं.

मी हातमोजे दिले. जपून जा, म्हणाले. ती म्हणाली, "जपायचं काय त्यात, मी नुसता चहा तर देते."

२ एप्रिल

अकरा नंबर वेळेवर गेलं. जोसी दिवसभर अंथरुणात.

मला भूक लागली. पोटभर जेवले.

३ एप्रिल

कदाचित काहीच होणार नाही. पुस्तकात लिहिलंय, भोकामुळे पुष्कळदा थांबतेही. पॅम परत येईल, हातमोजे आणून देईल, मी पुन्हा तीनदा वाढेन. देवा, मला वेडी ठरव. सगळ्या गावाने हसू दे.

४ एप्रिल

काल कैरोहून निघालं. समुद्रावर असताना वैमानिकाचं बोलणं मध्येच तुटलं. अकरा नंबर.

६ एप्रिल

कुणी वाचलं नाही.

जोसी जिन्यावर बसून राहते. "मी असायला हवी होते," एवढंच म्हणते. दिवसातून किती वेळा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. त्याच हाताने.

लेन आला होता. टोपी हातात, दाढी वाढलेली. वही माग म्हणून बायकोने पाठवलं असं म्हणाला, मग म्हणाला नाही, मीच आलो. खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. तू सांगत होतीस, म्हणाला. मी त्याला चहा दिला. तू आणि मी, दोघांनाही माहीत होतं लेन, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. वहीही दिली नाही.

९ एप्रिल

चौकशीची माणसं कारखान्यात आलीत. मी वही नेऊन दिली. या वेळी बाकावर बसवलं नाही.

वयस्कर गृहस्थ होते. पान दोनदा वाचलं, मला पोच लिहून दिली. म्हणाले, यावरून काही ठरवू नका. तुकडे समुद्रातून काढायला महिने लागतील, भेग कुठून सुरू झाली ते त्याशिवाय कळणार नाही, कदाचित त्या कोपऱ्याचा काही संबंधही नसेल. चांगल्या मनाने म्हणाले असावेत. मी विचारलं, पण थांबवता आलं असतं ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तर पत्र लिहिलं होतंत बाई, म्हणाले. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत.

सगळं!

१२ एप्रिल

गावात कळलं. मासळीच्या दुकानात रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. नवऱ्याला मातीतून उकरून काढलं, असं कुणीतरी म्हणालं, मला ऐकू जाईल असं. लेनला कामावरून घरी बसवलंय.

अर्न, तू रागावशील का? मला वाटतं वही तू स्वतःच नेऊन दिली असतीस. निदान असं धरून चालते.

जोसी माझ्याशी आता गोड वागते. आई, तू बरोबर होतीस, म्हणते. देवाने माझा दाखला हरवला, म्हणते. काल चर्चला गेली. अर्न गेल्यापासून पहिल्यांदा.

१५ एप्रिल

पॅमच्या आईचं पत्र आलं. त्याही विधवा आहेत, मला ठाऊक नव्हतं. पॅम तुमच्या स्वयंपाकाचं फार सांगायची, एकदा येऊन भेटू का, असं विचारलंय. जोसीने मला न विचारता हो कळवलं.

१७ एप्रिल

मिसेस ओकेशॉट आल्या. ठेंगण्या, काळी टोपी, हातात अंड्यांची परडी — स्वतःच्या कोंबड्यांची. जोसी चहा ओतत होती. त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, तू तरी आहेस हे बरं झालं गं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या मुलीचा तो दाखला सापडला का हो? पॅमने निघताना फोन केला होता. जोसी फार रडत होती म्हणे. नवा करायचा तर किती हेलपाटे घालावे लागतात."

मी म्हणाले, "हरवला नव्हता. मी लपवला होता."