भिंतीला भिंत

८ जानेवारी १९८४, रविवार
संकल्प: खात्याच्या परीक्षेचा अभ्यास आजपासून. अडथळा एकच, शेजारच्या ब्लॉकमधला आवाज. कृष्णकांत शिफ्टवरून आला की भांडी पडतात. बायको प्रेमिला म्हणते, भांडे रडतेत का जी? गोपिकेले मारून राहिला तो, जाऊन बोला न. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं? उपाय सापडला. काँक्रीटच्या भिंतीला आतून लाकडाची दुसरी भिंत. दोन दिवसांचं काम.

१० जानेवारी
काँक्रीटमध्ये खिळा जात नाही. अर्धा डबा वाकला, अंगठा सुजला. मी ठोकत असताना पलीकडूनही टकटक. तक्रार असणार. लोकांना दुसऱ्याचं काम बघवत नाही.

१३ जानेवारी
कृष्णकांत स्वतः आला, हिंगण्याच्या कारखान्यातलं ड्रिल घेऊन! म्हणाला, मनोहरराव, भिंतीले भिंत काहून लावून राहिले? अभ्यास, म्हणालो. भोकं त्यानेच पाडली, चौकटही धरली. भला माणूस. असा माणूस हात उचलेल? प्रेमिला आतून बाहेर आली नाही. चहा मलाच करावा लागला.

१६ जानेवारी
चौकटीवर प्लायवूड ठोकलं. आवाज वाढला! भिंतीचा ढोल झालाय. आता शब्द कळतात. रात्री गोपिकेचं 'भाऊजी, भाऊजी' ऐकू आलं. तिला दीर असतील.

२२ जानेवारी, रविवार
गांधीबागेच्या बाजारातून चिंध्यांचं गाठोडं आणलं. प्लायवूड काढून आत ठासलं. कमी पडलं म्हणून प्रेमिलाची गोधडीही. म्हणाली, त्यापरिस तिचं तोंडच बांधून टाका न. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२५ जानेवारी
यश! संपूर्ण शांतता. अभ्यासाचं एक पान झालं. झोप उत्तम.

२८ जानेवारी
गोपिका परवा रात्रीपासून दवाखान्यात. बेशुद्ध. खालच्या मजल्यावरच्या इंदूबाईंनी माणसं जमवून दार तोडलं. त्यांना खालपर्यंत ऐकू गेलं म्हणे. कृष्णकांतला पोलीस घेऊन गेले. हवालदार मला म्हणाला, लागूनच राहता न जी, काहीच आयकू नाही आलं? मी भिंत दाखवली. त्याने बोटाने वाजवून पाहिली. मजबूत केली, म्हणाला. ड्रिल माझ्याकडेच राहिलं.

३१ जानेवारी
गोपिका पहाटे गेली. प्रेमिला दवाखान्यातून आली, कपडे भरले आणि भावाकडे निघून गेली. अभ्यासाला बसलो. त्या शांततेची भीती वाटायला लागली. भिंतीवर टकटक केली, कान लावून बराच वेळ उभा राहिलो. पलीकडून काही ऐकू आलं नाही.
उद्यापासून ही भिंत काढणार. दोन दिवसांचं काम.